आण्णांच्या पोटातला आयव्हीसी फिल्टर: बसवणाऱ्यांना पाच स्टार, काढायचं न सांगणाऱ्यांना एक

आयव्हीसी म्हणजे पोटातली मोठी शीर, घरातल्या कुणाला तिच्यात हा फिल्टर बसवायला सांगितला असेल तर हे पूर्ण वाचा, हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव मी लिहीत नाही, पण घडलंय ते जसंच्या तसं लिहितोय.

आमचे आण्णा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. डिसेंबर २०२२ मध्ये गुऱ्हाळावरनं परत येताना कागल रोडला गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं आणि डोक्यातपण थोडा रक्तस्राव झाला. चौथ्या दिवशी डावा पाय टम्म सुजला, पोटरीला नुसता हात लागला तरी कळ यायची, डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली तर मांडीच्या शिरेत गुठळी. यावर खरं औषध म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन, पण डोक्यात रक्तस्राव असताना ते देणार कसं? म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत फिल्टर, म्हणजे पायातनं सुटलेली गुठळी तिथंच अडते, फुफ्फुसात जात नाही. मानेतनं बारीक नळी घालून तासाभरात बसवला. त्या डॉक्टरांमुळं आण्णा घरी आले हे मी आजही कुणालाही सांगतो.

राग आहे तो पुढच्या कारभाराचा. डिस्चार्ज कार्डवर गोळ्या होत्या, व्यायाम होता, टाके काढायची तारीख होती, फिल्टर काढायची तारीख मात्र कुठंच नाही. मागच्या बाजूला एक स्टिकर, त्यावर लॉट नंबर आणि बारीक अक्षरात 'रिट्रीव्हेबल', म्हणजे परत काढता येणारा, पण त्यातनं आम्हाला काय कळणार ओ! आम्ही धरून चाललो की स्टेंटसारखं असेल, आयुष्यभर आतच राहत असेल. दोन महिन्यात डोक्याचं स्कॅन चांगलं आलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, म्हणजे फिल्टरची गरज तिथंच संपत आली होती. तीनदा फॉलोअपला गेलो, हाडाच्या डॉक्टरांनी पाय बघितला, मेंदूच्या डॉक्टरांनी डोकं बघितलं, फिल्टर कुणी बघायचा हे ठरलेलंच नव्हतं.

चौदा महिन्यांनी पाठ आणि पोट दुखायला लागलं. मुतखडा असेल म्हणून सीटी केला तर रेडिओलॉजिस्टनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, फिल्टर तिरका झालाय, दोन काड्या शिरेच्या भिंतीतनं बाहेर आल्यात आणि त्यातली एक आतड्याला टेकलीय. आई तिथं बाकावर मटकन बसली.

मग मी रात्र रात्र वाचत बसलो. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, एफडीए, तिनं २०१० मध्येच इशारा दिला होता, २००५ पासून त्यांच्याकडं ९२१ तक्रारी आलेल्या, ३२८ मध्ये फिल्टर जागेवरनं सरकलेला, १४६ मध्ये तुकडा सुटून रक्तातनं वाहत गेलेला, ७० मध्ये शिरेला भोक, ५६ मध्ये मोडलेला. २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की गुठळीचा धोका टळला असेल तर बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढणं फायद्याचं. आण्णांचे तोवर चारशेच्या वर दिवस झालेले. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिकडं बार्ड आणि कुक या फिल्टर बनवणाऱ्या कंपन्यांवर हजारो केसेस झाल्या, बार्डच्या ॲरिझोनात आणि कुकच्या इंडियानात एकत्र चालवल्या. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्याच फिनिक्सच्या ज्युरीनं बार्डच्या जी-टू फिल्टरच्या केसमध्ये एका बाईंना ३६ लाख डॉलर द्यायला लावले, आणि ते कशासाठी तर धोक्याची नीट सूचना दिली नाही म्हणून, डिझाइनच्या मुद्द्यावर कंपनी सुटली. काही केसेस कंपन्यांनी जिंकल्यासुद्धा. पण माझं बोट त्या सूचनेवरच अडकलं, कारण आमचंही दुखणं तेच आहे.

काढायचा पहिला प्रयत्न इथंच कोल्हापुरात झाला. फिल्टरच्या टोकाला एक हूक असतो, फास टाकून तो धरायचा आणि वर ओढून घ्यायचा, पण आण्णांचा हूक शिरेच्या भिंतीत रुतून बसलेला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जोर लावला तर शीर फाटेल, मी थांबतोय. थांबले म्हणून त्यांचे उपकार. मग पुण्याला नेलं, तिथं चिमट्यानं सोडवत सोडवत अडीच तासांनी निघाला. लघवी तपासायच्या डबीत घालून दाखवला, कापड फाटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखा, बोटाएवढा, एक काडी वाकलेली आणि हुकाला पांढुरका चिवट मांसाचा धागा. आण्णांनी डबी हातात घेतली, उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि काही न बोलता मला परत दिली.

फिल्टर घालू नका असं मी अजिबात म्हणत नाही, ज्याला रक्त पातळ करायचं औषध देताच येत नाही त्याला दुसरा उपाय काय आहे? फक्त सही करायच्या आधी विचारा, हा कायमचा की काढायचा, काढायचा तर कधी आणि कोण काढणार. उत्तर डिस्चार्ज कार्डवर पेनानं लिहून घ्या, स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि पेशंट घरी आल्यावर पाठीत, पोटात, छातीत नवीन दुखायला लागलं तर डॉक्टरांना सगळ्यात आधी फिल्टर असल्याचं सांगा, आम्ही मुतखडा मुतखडा म्हणत तीन आठवडे घालवले.

गेल्या महिन्यात सीटीची फिल्म घेऊन पहिल्या हॉस्पिटलात जाऊन आलो. भांडायला नाही, एवढंच विचारायला की तुम्ही अजून किती जणांना बसवलाय, त्यांना फोन करणार का. नर्सबाईंनी माझ्यासमोर रजिस्टर काढलं आणि नावं बघायला लागल्या. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे.