चाकांवरचं घर, त्याची कुलपं आणि त्याचा विमा : 14 महिन्यांनंतर

कुलूप, ट्रॅकर, वादळासाठीचे पट्टे आणि विमा या चारही गोष्टी मी एकाच महिन्यात घेतल्या आणि निर्धास्त झालो. घराचं खरं नुकसान मात्र पाण्याने केलं, आणि तेही यांपैकी एकाच्याही अखत्यारीत न येणाऱ्या पाण्याने. तरी चारांपैकी तीन गोष्टी पुन्हा घेईन.

घर 7 मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दोन ॲक्सलच्या चासीवर, म्हणजे चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर. भरलेलं वजन साडेचार टन. हे वजनकाट्यावर नेऊन काढलेलं वजन आहे. बनवणाऱ्याने सांगितलेला आकडा 400 किलोंनी कमी होता. काट्याची पावती जपून ठेवा, विम्याच्या वेळी ती मागितली गेली.

विमा मिळवणं हेच मोठं काम. ही वस्तू धड घर नाही, धड गाडी नाही. घराच्या पॉलिसीला पाया हवा असतो, ट्रेलरच्या पॉलिसीला आत बारा महिने राहणारं कुटुंब चालत नाही. एका ठिकाणी सल्ला मिळाला, 'अधूनमधून वापरतो असं लिहून टाका, हप्ता कमी बसेल.' लिहिलं नाही ते बरं केलं. तुम्ही तिथे कायम राहता हे लपवलंत, तर कंपनी वर्षभर हप्ता घेते आणि दाव्याच्या दिवशी नेमकी तीच ओळ काढून समोर ठेवते. भाड्याने देणार असाल तर तेही आधीच सांगा.

विमा रक्कम ठरवताना मी पहिल्यांदा चुकलो. सामानाची बिलं जोडली, पण आतलं सगळं सुतारकाम स्वतः केलं होतं, त्याची मजुरी धरलीच नाही. अनेक पॉलिसींत मेख अशी असते की घराची किंमत 10 असेल आणि विमा 6 चाच असेल, तर नुकसान छोटं असलं तरी भरपाई सहा-दशांशच मिळते. एजंटने हे आपणहून सांगितलं नाही, मला बारीक अक्षरांत सापडलं. मग रक्कम वाढवून घेतली. घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापून देणारी पॉलिसी आणि आधी ठरलेली किंमत देणारी पॉलिसी यांत मी दुसरी निवडली. हप्ता जास्त आहे, पण अशा घरांना जुन्याचा ठोस बाजारभाव नसतो. घसारा किती हे ठरवणार कोण? ठरलेली किंमत मात्र घर पूर्ण गेलं तरच लागू होते. अंशतः झालेल्या नुकसानीला वेगळा हिशेब, तो पुढे येतोच.

आतलं सामान वेगळं लिहावं लागतं. प्रवासही वेगळा. माझी पॉलिसी घर उभं असतानाची आहे. हलवायचं तर दर खेपेला आधी कळवून तेवढ्या दिवसांचं संरक्षण जोडून घ्यायचं. पहिल्या वेळी फोनवर 'झालं समजा' असं उत्तर मिळालं. मी ईमेल येईपर्यंत घर हलवलं नाही. गाडीवाला दोन तास ताटकळला, चिडलाही.

आता कुलपं. हिचचं, म्हणजे घर ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या जोडाचं कुलूप चांगलं, जड, पण सहाव्या महिन्यात आत गंज धरला आणि किल्ली फिरेना. तेल घालू नका, धूळ धरतं. ग्रॅफाइटची पूड घातली आणि सुटलं. एकट्या हिचच्या कुलपावर विसंबूही नका, साखळी लावून ओढून नेता येतं. चाकाचं कुलूप बोजड आहे, दिसायला भडक आहे, आणि तेच त्याचं काम. ट्रॅकरवर मात्र मी नाराज आहे. तो मी पत्र्याच्या भिंतीमागे लपवला, तर पत्रा सिग्नल अडवतो आणि घर जागचं हललेलं नसताना नकाशावर भटकत राहतं. लाकडी कोनाड्यात हलवल्यावर सुधारला. पण दर काही मिनिटांनी ठिकाण पाठवायला लावलं की बॅटरी धाप टाकते. पुन्हा घेणार नाही तो हाच.

पट्टे आणि जमिनीत रोवलेले अँकर यांना पैकीच्या पैकी. खाली टेकू म्हणून लावलेले जॅक घर डुगडुगू देत नाहीत, पण वाऱ्यात धरून ठेवत नाहीत. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर माझ्या लांब भिंतीवर टनाहून जास्त पडतो, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पट्टे चासीला बांधायचे, भिंतीला नाही. मोठ्या पावसानंतर माती मऊ होते, म्हणून सकाळी उठून पट्टे पुन्हा आवळायचे. हे कंटाळवाणं आहे आणि मी दोनदा टाळलंय.

गॅसची गळती सांगणारा अलार्म जमिनीलगत, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. धुराचा छताला. कार्बन मोनॉक्साइडचा आम्ही माळ्यावर झोपतो तिथे, उशीच्या उंचीला. प्रवासात साधारण 100 किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचे. पहिल्या खेपेला माझे दोन नट पाव फेरा फिरले.

नवव्या महिन्यात वादळ आलं. पट्ट्यांनी घर धरलं, पण फांदी पडून छतावरची खिडकी फुटली आणि पत्रा फाटला. पाणी आत. मी फोटो काढले, ताडपत्री टाकली, कंपनीला कळवलं. चौथ्या दिवशी नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला. शांत माणूस. छत बघून झाल्यावर तो पलंगाशेजारच्या बाजूच्या खिडकीकडे वळला. तिच्याखाली प्लायवूड फुगलं होतं, तेही मी त्याच दाव्यात धरलं होतं. त्याने ओलावा मोजायच्या यंत्राचे दोन टाचणीसारखे काटे लाकडात खुपसले. 28 टक्के. 20 च्या वर बराच काळ राहिलं की बुरशीला रान मोकळं. मी म्हटलं, 'वादळाचंच पाणी आहे ना.' तो काही बोलला नाही. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, चौकटीचा खालचा एक स्क्रू उलटा फिरवून बाहेर घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. स्क्रू अर्ध्याहून जास्त खाल्लेला होता, बोटाने चोळला तर तपकिरी भुगा. 'हा चार दिवसांत नाही गंजत,' एवढंच म्हणाला. लाकडावर डागाची एकात एक तीन वलयं होती, म्हणजे तीनदा तरी भिजून वाळलेलं. घर ओढून नेताना चौकट हलते, सीलंट फाटतं आणि पाणी थेंबाथेंबाने मुरतं. हळूहळू झालेली गळती, कूज, उंदीर हे सगळं अपवादांच्या यादीत. चूक माझी; प्रवासानंतर नट तपासले, खिडक्या नाही.

छताचे पैसे मिळाले. आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम आणि पत्र्याचा घसारा वजा करून, सात आठवड्यांनी. बांधकामाच्या वेळी भिंती बंद करण्याआधी काढलेले फोटो नसते तर आतल्या इन्सुलेशनचे मिळाले नसते, असं सर्व्हेअरनेच सांगितलं. खिडकीखालचं मी स्वतः कापून काढलं. तीन रविवार गेले.

आता महिन्यातून एकदा ओलाव्याचं यंत्र प्रत्येक खिडकीखाली टोचतो आणि आकडे वहीत लिहितो. या महिन्यात सगळे 12 ते 14 आहेत, फक्त स्वयंपाकाच्या ओट्यामागचा कोपरा 17. तिथली फळी रविवारी उघडणार आहे.