विणलेल्या पिशवीला अस्तर आणि बंद: दादरच्या एका कारागिराचे काम

दोन महिने खपून विणलेली सुती पिशवी मी जुलैमध्ये दादर पश्चिमेच्या एका छोट्या दुकानात अस्तर, चेन आणि बंद लावायला दिली. एका शिलाई मशीनचे हे दुकान शेजारच्या काकूंनी सुचवले होते.

याआधीची पिशवी मी दुसरीकडे शिवून घेतली होती. तिथे बंद थेट विणीवर टाचले गेले आणि दोन किलो कांदे घालताच पिशवी लोंबून गुडघ्यापर्यंत आली. सुती धाग्याला लोकरीची लवचीकता नसते, त्यामुळे वजन विणीवर न येता अस्तरावर आले पाहिजे. या कारागीर काकांनी ते न सांगता ओळखले. त्यांनी बंदांसाठी निवारीची (खाटेला वापरतात तशी जाड, घट्ट विणीची) पट्टी घेतली आणि ती अस्तराला शिवत एका बाजूने खाली, तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आणली, म्हणजे सगळा भार पट्टीच पेलते. अस्तराचे कापड मी मंगलदास मार्केटमधून नेले होते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मग विणीला चुण्या पडतात, म्हणून त्यांनी ते आधी भिजवून आणायला लावले.

पिशवीचे दोन्ही भाग मी घरीच ओले करून, मापात टाचण्या लावून वाळवले आणि त्याच धाग्याने कडा जोडल्या होत्या. पावसामुळे वाळायला दोन दिवस लागले, तरी ही पायरी कोणी गाळू नये, कारण सुलट विणीच्या (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) कडा आपोआप गुंडाळल्या जातात आणि गुंडाळलेली कड सरळ शिवता येत नाही.

मला सर्वांत आवडली ती तोंडाची शिलाई. मशीनच्या दाबाखाली वीण ताणली जाऊन कड लाटांसारखी होते, म्हणून काकांनी चेन मशीनवर फक्त अस्तराला लावली आणि अस्तर विणीला हाताने, बारीक तुरपाईने जोडले. प्रत्येक टाका विणीच्या एकाच धाग्यातून गेला आहे. बाहेरून शोधूनही सापडत नाही.

मजुरी 450 रुपये झाली आणि पिशवी ठरल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा मिळाली. आतला खिसा मात्र उथळ आहे, मोबाईल अर्धा बाहेर राहतो, तेव्हा खिशाचे माप देताना मोबाईलच सोबत न्यावा. महिनाभर डबा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन लोकलने फिरल्यावर मी पिशवी पुन्हा मोजली. उंची पहिल्या दिवशी होती तेवढीच, 14 इंच भरली.