पुढची तारीख मिळवून देतो म्हणणाऱ्याने भावावर वॉरंट आणले

गेल्या वर्षी दुकानासमोरच्या जागेच्या वादातून माझ्या धाकट्या भावावर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला आणि तो जामिनावर सुटल्यानंतर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, खटला उभा राहिला. जामिनापुरते काम पाहणारे वकील पुढे खटला चालवणार नाहीत, हे आम्हाला तारखेच्या जेमतेम दोन दिवस आधी कळले. फौजदारी कामे करणारा नवीन वकील शोधणे, त्यांना कागदपत्रे दाखवणे, फी ठरवणे यासाठी पंधरा-वीस दिवस तरी हवे होते. आमची गरज तेवढीच होती, आणि तिच्यावरच आम्ही फसलो.

तारखेच्या दिवशी सकाळी न्यायालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही दोषारोपपत्राच्या प्रती काढत असताना काळा कोट घातलेला आणि काखेत फाइलींचा गठ्ठा असलेला एक गृहस्थ आपणहून बोलू लागला. आमची अडचण ऐकताच तो म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ, तारीख भेटून जाईन." त्याने १२,००० रुपये मागितले, त्यातले काही "आतल्या लोकांना" द्यावे लागतात, असेही सांगितले. भावाच्या दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. सर्वांत घातक सल्ला त्याने शेवटी दिला: आरोपी समोर दिसला तर साहेब आजच चार्ज लावतील, म्हणून भावाने आत जाऊच नये. आम्ही बाहेर चहाच्या टपरीपाशी थांबलो. दीड तासाने तो परतला आणि खराब निघालेल्या झेरॉक्सच्या चतकोर तुकड्यावर निळ्या शाईने लिहिलेली पुढची तारीख त्याने माझ्या हातात ठेवली. त्या चिठ्ठीवर ना खटल्याचा क्रमांक होता, ना न्यायालयाचे नाव. ती मी देवघरातल्या पंचांगात जपून ठेवली.

त्या तारखेला अजून आठवडा बाकी असताना सकाळी सात वाजता दोन पोलीस शिपाई अजामीनपात्र वॉरंट घेऊन दारात आले. दार आईने उघडले. भावाला घेऊन गेल्यानंतर मी न्यायालयात धावलो, तेव्हा रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या दैनंदिन नोंदीत, लिहिलेले वाचायला मिळाले: पुकारा केला असता आरोपी व त्याचे वकील गैरहजर. मुदतीचा कोणताही अर्ज दाखलच झालेला नव्हता. मी स्वतः जामीनदार होतो, आमच्या घरटॅक्सची पावती माझ्या नावाने जोडलेली होती, त्यामुळे बंधपत्राची रक्कम भरण्याची टांगती तलवार माझ्याही डोक्यावर आली.

त्या दिवशी भाऊ कोठडीत असल्यामुळे त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळाले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातील कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्या वकिलांनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला आणि नव्या जातमुचलक्यावर भाऊ संध्याकाळी सुटला. सुनावणीत न्यायाधीशांनी भावाला विचारले की, त्या दिवशी समोर येऊन वकील नाही एवढे का सांगितले नाही. भाऊ काहीच बोलू शकला नाही.

हे सगळे लिहिण्याचे कारण तो प्रश्न आहे. नवीन वकील नेमण्यासाठी मुदत मागायला मध्यस्थ लागत नाही, वकीलही लागत नाही. पुकारा झाल्यावर आरोपीने स्वतः उभे राहून तसे सांगावे आणि साध्या कागदावर, खटल्याचा क्रमांक घालून, आधीचे वकील काम पाहणार नाहीत म्हणून अमुक दिवसांची मुदत मिळावी असा अर्ज द्यावा. सरकारी वकिलांचे म्हणणे ऐकून न्यायाधीश त्यावर आदेश करतात. पसंतीचा वकील नेमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. मात्र मुदत हा हक्क नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ नुसार पक्षकाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणासाठीही दोनपेक्षा जास्त तहकुबी मिळत नाहीत, म्हणून मिळालेले दिवस वाया घालवू नयेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची माहिती मिळते. आणि जामिनावरील आरोपीने तारखेला गैरहजर राहण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

त्या माणसाकडे मी सनद क्रमांक, म्हणजे वकिलाचा नोंदणी क्रमांक, विचारला नाही, पावती मागितली नाही, वकीलपत्रावर त्याची सही पाहिली नाही. यातली एक गोष्ट केली असती तरी तो तिथून निघून गेला असता. वकील कायद्यात २०२३ साली केलेल्या दुरुस्तीने न्यायालयाच्या आवारातील घोषित दलालांसाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड ठरवला आहे. आम्ही चिठ्ठी जोडून पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. पैसे परत मिळालेले नाहीत आणि भावाच्या सह्यांचे ते दोन कोरे कागद कुठे आहेत, याची काळजी अजून आहे. म्हणून त्यांचा उल्लेख तक्रारीत वेगळा करून घेतला.

खटल्याची खरी तारीख ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येते. भावाचा तो क्रमांक आता आईच्या फोनमध्येही आहे आणि प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी ती चष्मा लावून पुढची तारीख स्वतः तपासते.