हजारातलं एक पॅकेट: सॅम्पलिंगवर काढलेले आठ महिने

तालुक्याच्या गावात आम्ही इंटरनेट पुरवतो. वरून येणारी लाइन १ गिगाबिटची. संध्याकाळी नेट मंदावलं की लाइन कोण खातंय ते कळावं, म्हणून राउटरवर नेटफ्लो (कुठून कुठे किती ट्रॅफिक गेलं याची फ्लोवार नोंद ठेवणारी सोय) पूर्ण चालू ठेवलेला, म्हणजे प्रत्येक पॅकेट त्याच्या फ्लोच्या नोंदीत मोजलेलं. फ्लो म्हणजे त्याच दोन टोकांमधल्या पॅकेटची एक मालिका. एरवी ते निभावलं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र एका ग्राहकाच्या आयपीवर खोटे सोर्स (पाठवणाऱ्याचे) पत्ते लावलेल्या पॅकेटचा पूर आला. प्रत्येक पॅकेटवर वेगळा पत्ता, म्हणजे राउटरच्या लेखी प्रत्येक पॅकेट नवा फ्लो. फ्लोंच्या नोंदींचं टेबल भरलं, सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला आणि नेमकी गरज होती तेव्हाच नोंदी बंद पडल्या. दुसऱ्याच दिवशी आम्ही सॅम्पलिंगवर आलो, म्हणजे सगळी पॅकेट न मोजता काही नमुनेच उचलायचे.

सुरुवात स्विचवरच्या एसफ्लो या सॅम्पलिंगच्या सोयीने केली, १००० पॅकेटमागे १. यात स्विचला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. पॅकेटचा पुढचा तुकडा उचलायचा आणि लगेच कलेक्टरकडे (नमुने गोळा करणाऱ्या मशीनकडे) धाडायचा, बस. तो मोजून हजारावं पॅकेट उचलत नाही, सरासरी हजारात एक असं रँडम उचलतो. ठरावीक तालात येणारं ट्रॅफिक दरवेळी निसटू नये किंवा दरवेळी सापडू नये, यासाठी हे फार गरजेचं आहे.

शितावरून भाताची परीक्षा इथे खरोखर जमते. चूक किती होणार हे एकूण ट्रॅफिकवर नाही, त्या ग्राहकाचे नमुने किती हाती आले यावर ठरतं. १०० नमुने असतील तर ९५ टक्के खात्रीने पॅकेटसंख्येतली चूक २० टक्क्यांच्या आत, १०,००० असतील तर २ टक्क्यांच्या आत. मोठ्या ग्राहकांचं महिन्याचं चित्र मला इतकं स्वच्छ कधीच मिळालं नव्हतं.

लहान फ्लोंच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नका. एका दुकानदाराचं कार्ड मशीन मधूनमधून अडकायचं. दोन संध्याकाळी मी नमुने चाळले, मशीनचा पत्ता एकदाही दिसला नाही. मशीन पॅकेट पाठवतच नाही असं मी त्याला सांगूनही टाकलं, आणि ते चूक होतं. त्याच्या पोर्टवर थेट कॅप्चर लावल्यावर पाच मिनिटांत पॅकेट दिसली. हिशोब आधीच करायला हवा होता: १०० पॅकेटचा फ्लो हजारात एकच्या सॅम्पलिंगमधून पूर्ण निसटण्याची शक्यता ९० टक्के आहे.

डिसेंबरपासून अपलिंकवर, म्हणजे वरून येणाऱ्या लाइनवर, ‘सॅम्पल अँड होल्ड’ चालवतोय. ही पद्धत क्रिस्टियन एस्टन आणि जॉर्ज वर्गीस यांनी २००२ मध्ये मांडली. पॅकेट नशिबाने निवडलं गेलं की त्या फ्लोची टेबलात नोंद होते आणि तिथून पुढे त्याचं प्रत्येक पॅकेट मोजलं जातं. निवडीची शक्यता बाइटवर ठेवायची. मी ती १० एमबीमागे १ ठेवली आहे. लाइन तुडुंब भरली तरी पाच मिनिटांत ३७.५ जीबी जातात, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ३७५० नोंदी. ४०९६ जागांचं टेबल पुरतं, मग फ्लो हजार असोत की कोटी. पाच मिनिटांत १०० एमबी खाणारा ग्राहक निसटण्याची शक्यता लाखात चार-पाच. पकडला जाईपर्यंत त्याचे सरासरी १० एमबी हुकतात, तेवढे अहवालात मिळवतो. आकारणीसाठी मात्र मिळवत नाही. कच्चा आकडा खऱ्यापेक्षा जास्त कधीच येत नाही, त्यामुळे ग्राहकावर अन्याय होत नाही. एसफ्लोचा हजाराने गुणलेला आकडा बिलात घालायला माझा ठाम विरोध आहे.

सुरुवातीला दर पाच मिनिटांनी टेबल पूर्ण पुसत होतो, आणि मोठे फ्लो दरवेळी नव्याने पकडावे लागत. आता मोठ्या नोंदी पुढच्या फेरीत तशाच ठेवतो, त्यांची मोजणी पहिल्या बाइटपासून अचूक होते. नोंद डेस्टिनेशन आयपीवर करतो, म्हणजे एकाच पत्त्याकडे जाणारी सगळी पॅकेट एका नोंदीत. फेब्रुवारीत तसाच पूर पुन्हा आला तेव्हा टेबल भरलं नाही, आणि ज्याच्यावर मारा चालला होता तो पत्ता पहिल्या ओळीत होता. वरच्या पुरवठादाराला फोन करून तो पत्ता अडवायला मला दहा मिनिटं लागली. गणपतीत अख्खी रात्र गेली होती.

सॅम्पल अँड होल्डसाठी मिरर पोर्ट (लाइनवरच्या सगळ्या ट्रॅफिकची नक्कल देणारा स्विचचा पोर्ट) लागतो आणि प्रत्येक पॅकेटला टेबलात डोकवावं लागतं. १ गिगाबिटला जुना पीसी पुरला. दिवाळीत लाइन १० गिगाबिटची होणार आहे. तिथे मेमरीची अडचण नाही, ४० हजार नोंदी सहज मावतील. पण ६४ बाइटची पॅकेट सलग आली तर एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद मिळतात, ते या पीसीला झेपणार नाही. नवं मशीन येईपर्यंत तिथे एसफ्लोवरच भागवणार.