फर्म्सचे लाल ठिपके: धावपळीला 5 पैकी 2, आखणीला 5 पैकी 5

उपग्रहाला आगीची उष्णता दिसली की नकाशावर लाल ठिपका टाकणारी नासाची ‘फर्म्स’ ही सेवा मी घेतली ती वणवा लागला की लगेच कळावं म्हणून. नाव नोंदवायचं, नकाशावर आपल्या भागाभोवती चौकट ओढायची, की ईमेल सुरू. फुकट आहे. पण तेवढ्याचसाठी घेणार असाल तर जरा थांबा.

व्हिअर्स हे उष्णता टिपणारं उपकरण वाहणारे उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे डोक्यावरून जातात. त्यानंतर ठिपका नकाशावर उमटायला 3 तासांपर्यंत लागू शकतात. संध्याकाळी पाचला गवताला लागलेली आणि आठला झोडपून विझवलेली आग त्यांच्या लेखी लागलेलीच नसते. ढगाआडची, दाट झाडोऱ्याखाली धुमसणारीही निसटते. उलट एखादी मोठी भट्टी मात्र वणवा म्हणून मिरवते.

आणि ठिपका म्हणजे आगीची जागा नव्हे. तो 375 मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो. आग त्या चौकोनात कुठेही असेल. हे आधी वाचायचं सोडून मी चौघांना थेट ठिपक्यावर नेलं होतं. धूर निघाला टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला. अजून चिडवतात.

तरी सेवा बंद केली नाही, ती जुन्या नोंदींमुळे. व्हिअर्सच्या नोंदी 2012 पासूनच्या मिळतात. मोडिस या आधीच्या उपकरणाच्या 2000 पासूनच्या, पण त्याचा चौकोन 1 किलोमीटरचा. एवढ्याशा शिवाराला ते माप फार जाडंभरडं. मागणी नोंदवली की ईमेलवर दुवा येतो, तक्ता साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडतो. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या घड्याळाला लावून घ्यायची. खात्रीच्या रकान्यात ‘कमी’ असेल त्या ओळी मी बाजूला काढल्या. दिवसा नुसत्या उन्हाच्या चमकेनेही तशी नोंद होते. ठिपके मोजून आगी मोजू नका. एकच मोठी आग दहा ठिपके टाकते.

मग सगळी वर्षं एकाच मोठ्या कागदावर छापली, बैठकीत जमिनीवर पसरली आणि पेन्सिली ठेवल्या. ज्याला जी आग आठवते ती त्याने काढायची. एक आजी बराच वेळ रेघा ओढत होत्या. म्हणाल्या, “तुमचा उपग्रह जेवून झोपतो वाटतं. आमच्या उताराच्या निम्म्या आगी त्यानं पाहिल्याच नाहीत.”

पण ठिपके आणि पेन्सिल एका गोष्टीवर जुळले: दोन्हींची गर्दी रस्त्याकडेला आणि पायवाटेच्या तोंडाशी. आम्ही मात्र वर्षानुवर्षं जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढत होतो माथ्यावर, कारण आग दिसते तिथे. लागते खाली, माणसांच्या वावरात, आणि ज्वाळा वरचं गवत आधीच तापवत जातात म्हणून चढावर धाव घेते. आता गवत वाळायच्या आत आधी रस्त्याच्या दोन्ही कडा साफ करायच्या, माथा नंतर. वाऱ्याच्या दिवशी दुपारनंतर दोघांनी पायवाटेच्या तोंडाशी बसायचं, आणि धूर दिसला की कोणी कोणाला फोन करायचा हे त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलंय. ईमेलची वाट बघायची नाही.

पेन्सिलीच्या खुणा फर्म्सवर चढवायची सोय मला सापडली नाही. त्यामुळे तो कागद गुंडाळून माझ्या कपाटावर आहे; पुढच्या बैठकीला आजींनी आणखी दोन आगी काढायच्या राहिल्यात म्हणून निरोप पाठवलाय.