बॅशमधील व्हीआय पद्धत : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरमध्ये राजवाड्याजवळच्या एका जुन्या मराठी वाचनालयाच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांची संगणकीय व्यवस्था मी पाहतो. तेथील फोल्डरांचे मार्ग इतके लांब आहेत की एकेक कमांड दोन-दोन ओळी व्यापते, आणि तिच्या मधला एक शब्द सुधारण्यासाठी डावा बाण दाबत बसणे मला नकोसे झाले होते. या कमांड मी बॅशमध्ये, म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालींत टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये देतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी बॅशआरसी या त्याच्या मांडणीच्या फाइलीत ‘सेट -ओ व्हीआय’ ही ओळ घातली. तिच्यामुळे कमांड सुधारताना व्हीआय या जुन्या मजकूर-संपादकाच्या (एडिटरच्या) कळा चालतात.

बॅशमधील ओळीचे संपादन रीडलाइन ही सॉफ्टवेअर लायब्ररी करते आणि तिच्या मूळ कळा ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या वळणाच्या आहेत. वरील ओळीनंतर मात्र एस्केप दाबून (म्हणजे लिहिण्याच्या अवस्थेतून आज्ञांच्या अवस्थेत जाऊन) ‘एफ’ आणि तिरपी रेघ दाबली, की कर्सर थेट मार्गातील पुढच्या तिरप्या रेघेवर जातो. तेथून एक घर पुढे सरकून ‘सी’, ‘टी’ आणि पुन्हा तिरपी रेघ दाबली, की त्या फोल्डरचे नाव पुसले जाऊन तेथेच नवे लिहिता येते. माझ्या कामात ही एकच सोय दिवसातून कितीतरी वेळा उपयोगी पडते.

एस्केपनंतर ‘व्ही’ दाबल्यास संपूर्ण कमांड नेहमीच्या एडिटरमध्ये उघडते. तेथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे : काहीही न बदलता एडिटर बंद केला, तरी मूळ कमांड चालवली जाते. फाइली पुसणारी कमांड उघडलेली असेल, तर विममध्ये (व्हीआयच्या सुधारित रूपात) ‘:सीक्यू’ देऊनच बाहेर पडावे. म्हणजे एडिटर अपयशाचा संकेत देतो आणि कमांड चालत नाही.

विमची सवय असलेल्याला काही उणिवा जाणवतील. मजकूर निवडण्याची व्हिज्युअल अवस्था येथे नाही. ऑल्ट आणि टिंब दाबून आधीच्या कमांडचा शेवटचा शब्द आणण्याची सोय सुटते, तिच्याऐवजी एस्केपनंतर अधोरेषा द्यावी लागते. आपण कोणत्या अवस्थेत आहोत हेही आपोआप दिसत नाही. त्यासाठी इनपुटआरसी या रीडलाइनच्या मांडणीच्या फाइलीमध्ये ‘शो-मोड-इन-प्रॉम्प्ट’ चालू करावे.

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आमच्या फाइलींची नावे देवनागरीत असल्यामुळे कळफलक मराठीवर असताना एस्केप दाबले जाते, आणि नंतरच्या कळा देवनागरी अक्षरे पाठवत असल्याने एकही आज्ञा लागू होत नाही. प्रत्येक वेळी कळफलक इंग्रजीवर आणावा लागतो. तरीही लांब मार्गांसाठी मी हीच पद्धत ठेवली आहे. ज्यांना व्हीआय मुळीच येत नाही, त्यांनी मात्र ती केवळ यासाठी शिकू नये. ईमॅक्सच्या कळांतही कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-ई दाबून एडिटर उघडतोच.