मायलेजचा प्लग, सीएनजी किट की टायरमधली हवा?

आमच्या साडूंनी मागच्या महिन्यात मायलेज वाढवतो म्हणून गाडीत एक हिरवा प्लग बसवला. स्टिअरिंगखाली मेकॅनिक ज्या सॉकेटला स्कॅनर लावतो, त्या ओबीडी सॉकेटमध्ये तो खोचायचा, बस्स. दुकानदार म्हणाला, "भिया, बीस टका पक्का! बस पहले ढाई सौ किलोमीटर गाडी को सीखने दो." तेव्हापासून इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात जो तो विचारतोय: हा घ्यावा, पेट्रोलच्या नळीवरचं चुंबक घ्यावं, की सरळ सीएनजी किट टाकावं?

हिशोब भुलवणाराच आहे. महिन्याला ५०० किलोमीटर, लिटरला १५, म्हणजे ३३ लिटर पेट्रोल. त्यातले वीस टक्के वाचले तर साडेसहा लिटर, आणि इंदूरात पेट्रोल शंभरीच्या वर. हजार-दीड हजाराचा प्लग दोन-तीन महिन्यांत फुकट पडला. वाचले तर!

गाडी पूर्वीसारखं देत नाही ही तक्रार मात्र खोटी नाही. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात, आणि त्यात लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. ई-१० साठी, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्या चारचाकींमध्ये घट साधारण तेवढीच होईल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही लिहिलं होतं. जे लिटरमध्येच नाही ते प्लग कुठून आणणार?

आणि प्लग करतो तरी काय? इंजिनाचा ईसीयू, म्हणजे त्याचा छोटा संगणक, धुरातला ऑक्सिजन सेन्सर वाचून हवा-पेट्रोलचं प्रमाण सतत दुरुस्त करत असतो. शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. तिथे शिकवणी द्यायला प्लगला जागाच नाही. असे प्लग ज्यांनी उघडून पाहिले, त्यांना आत दिवे लुकलुकवणारी एक चिप सापडली. गाडीशी बोलायच्या तारा जोडलेल्याच नव्हत्या. अडीचशे किलोमीटर 'शिकायचे' असतात, ते खरं म्हणजे मालकाने. नवी वस्तू बसवली की माणूस मीटरकडे बघत हळू चालवतो, ब्रेक कमी मारतो, आणि मायलेज खरंच वाढतं.

चुंबकाची गोष्ट याहून सोपी. म्हणे ते पेट्रोलच्या रेणूंचे गुच्छ सोडवतं, म्हणून पेट्रोल पूर्ण जळतं. पेट्रोलवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणामच होत नाही. शिवाय आताच्या चांगल्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ सगळं जळतंच. नासाडी होते ती उष्णतेत, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. जळण सुधारून मिळवायला उरलंय किती?

पाण्यातून हायड्रोजन काढणारं किट मात्र गमतीत घेऊ नका. पाणी फोडायची वीज अल्टरनेटर, म्हणजे गाडीतला जनरेटर, देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिन पेट्रोल पितं. वाटेत प्रत्येक टप्प्यावर थोडं सांडतं. मिळतं त्यापेक्षा जातं जास्त, वर बॉनेटखाली स्फोटक वायू. हे कोणी फुकट दिलं तरी मी बसवणार नाही. ऑक्सिजन सेन्सरला फसवणारी सर्किटंही त्याच रांगेतली. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या आणि साध्या इंजिनात महागडं जादा-ऑक्टेन पेट्रोल यांवर वेळ घालवत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, अशी शंभरावर साधनं तपासली. मोजक्याच साधनांत किरकोळ फायदा दिसला. आपल्याकडे २०२२ पासून कार कंपन्यांना सरासरी ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटरच्या आत राहावं लागतं. दोन-चार टक्क्यांसाठी त्या कंपन्या गाडीचं वजन घटवतात, सिग्नलला इंजिन बंद पाडतात. प्लगने वीस टक्के वाचत असते, तर त्यांनीच तो बसवून दिला असता. दुकानदाराने 'टेस्टेड' असा कागद दाखवलाच, तर चाचणी कोणी केली आणि तपासलं काय, एवढं वाचा. गाड्यांची खरी चाचणी बघायची तर पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आपल्या उंबरठ्यावर आहे. तिथला अंडाकृती ट्रॅक ११.३ किलोमीटरचा.

तरी कोणाला घरीच तपासायचं असेल तर टाकी ते टाकी मोजा. तोच पंप, शक्यतो तीच मशीन, दोन्ही वेळा ऑटो-कटलाच, म्हणजे नळी आपोआप बंद होते तिथेच, थांबायचं. ३० लिटरमध्ये एक लिटर इकडेतिकडे झाला की तीन टक्क्यांचा फरक कागदावर आपोआप उभा राहतो. म्हणून निदान तीन टाक्या प्लग लावून, तीन काढून. आणि गाडी कोण चालवतंय हे बदलू नका. साडूंकडे आधीच्या तीन टाक्या त्यांच्या मुलाने उडवल्या होत्या.

आता टायर. साडूंच्या गाडीत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवी तिथे २५-२६ निघाली. ईपीएचाच ठोकताळा असा की चारही टायरांत एक पीएसआय कमी असेल तर मायलेज ०.२ टक्के घटतं. म्हणजे इथे दीड टक्का. थोडाच आहे, पण खरा आहे आणि हवा भरायला जवळपास काही लागत नाही. पलासियाच्या सिग्नलवर इंजिन चालू ठेवून उभं राहिलात तर तासाला अर्धा ते एक लिटर जातो. लांब सिग्नलला चावी फिरवणं कोणत्याही प्लगपेक्षा भारी.

उरलं सीएनजी किट. हे खरं यंत्र आहे, म्हणून इथे हिशोब मन लावून करा. वॅगन-आरचे कंपनीचे आकडे पेट्रोलवर लिटरला २४.३५, सीएनजीवर किलोला ३४.०५, म्हणजे साधारण १.४ पट. लिटरला १५ देणारी गाडी किलोला २१ देईल असं धरू. उदाहरणापुरतं पेट्रोल १०६ आणि गॅस ९५ धरला, तर किलोमीटरमागे सात रुपयांच्या जागी साडेचार. अडीच रुपये वाचले. किट ६० हजारांचं असेल तर ते वसूल व्हायला २४ हजार किलोमीटर. रोज ६० किलोमीटर जाणाऱ्याला तेरा महिने, रोज २० वाल्याला सव्वातीन वर्षं. भाव त्या दिवशीचे टाका, रीत हीच.

बदल्यात डिकी जाते. ज्यांच्याकडे दिवाळीत पुण्याहून पाहुणे येतात त्यांनी बॅगा कुठे ठेवायच्या ते आधी ठरवावं. चढाला गाडी थोडी मंद होते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरचं किट बसवण्याआधी कंपनीला विचारा, नंतर नाही.

माझं मत: रोज ४० किलोमीटरच्या आत असाल तर फक्त हवा, एअर फिल्टर, वेळेवर सर्व्हिसिंग. त्याहून जास्त असाल आणि गाडी पाच वर्षं ठेवणार असाल तर किट. मात्र मान्यताप्राप्त किटच घ्या, आणि आरटीओत आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' नोंद आणि विमा कंपनीला पत्र, ही दोन्ही कामं फिटरच करून देणार की तुम्हाला धावाधाव करावी लागणार, ते बयाणा देण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.